पाण्याबाहेर राहिलेली मूठ

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या रोहा-पेण इतिहास मंडळाचा कारभार सांभाळणाऱ्या माननीय दिपिकाताई सबनीस, वडखळच्या नाक्यावर इतका वेळ अडकूनही हसतमुखाने इथे पोचलेले प्रमुख पाहुणे माननीय न्यायाधीशसाहेब, ज्यांच्या घरची वस्तू या टेबलावर लाल कपड्याखाली ठेवली आहे ते खलीलभाई मुकादम, मंचावरचे सर्व पदाधिकारी, पहिल्या रांगेत बरोब्बर पंख्याखालची जागा धरून बसलेल्या गोदूमावशी आणि आमनाबी, आणि रोह्याहून, पेणहून, जोह्याहून वेळात वेळ काढून आलेल्या बंधुभगिनींनो,

सर्वप्रथम अध्यक्षांच्या परवानगीने मी बसून बोलतो. माझे गुडघे आता सभेचे नियम पाळत नाहीत.

माझ्याआधी चार जण बोलले. चौघांनी माझं इतकं कौतुक केलं, की मधूनमधून मला वाटत होतं, सुशील गावंड नावाचा दुसरा कुणी माणूस मागे बसलाय की काय. एकाने सांगितलं, गावंडांच्या नजरेतून काही सुटत नाही. साहेब, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय आणि दुसरा पिकायची वाट बघतोय. काल मी चहात साखर म्हणून मीठ घातलं. तेव्हा या नजरेबद्दल जे काही बोललं गेलं ते जुनं आहे असं समजा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेणला माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. रीतसर परवान्याचं, वडिलांपासूनचं. शेतात डुकरं येतात म्हणून ज्यांच्याकडे ठासणीच्या बंदुका होत्या, ते लोक माझं गिऱ्हाईक. ते गिऱ्हाईक सरलं. गेल्या महिन्यात मी परवाना परत केला, दुकानाला कुलूप लावलं, आणि आता मुलीकडे, किमयाकडे नाशिकला चाललोय. या मंडळाशी माझा संबंध दुकानामुळेच आला. संग्रहालयासाठी कुणी जुनं हत्यार दिलं, की ते आधी माझ्या टेबलावर यायचं. ते खरोखर जुनं आहे का, आणि जुनं असलं तर त्यातला कुठला भाग मूळचा आणि कुठला नंतर बसवलेला, एवढं मी सांगायचं. कागदावर दोन ओळी लिहायच्या आणि सही करायची. बिनपगारी काम, पण मंडळ चहा चांगला द्यायचं.

हे काम ऐकायला बरं वाटतं. करायला कसं असतं ते आज जाता जाता सांगतो, कारण यानंतर मला कुणी विचारणार नाही.

एखादं कुटुंब येतं. चांगले कपडे घालून येतं. मऊ फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल टेबलावर ठेवतात आणि सांगायला लागतात, आमच्या खापरपणजोबांनी हे अमक्या लढाईत वापरलं. सगळ्यांचे डोळे चमकत असतात. मी ऐकून घेतो. ऐकता ऐकता माझं लक्ष स्क्रूंकडे असतं. मूळ स्क्रूची खाच सरळ आणि अरुंद असते. कुणी चुकीच्या पेचकसाने उघडलेला असेल तर खाचेच्या कडा खरवडलेल्या दिसतात. म्हणजे आत कुणीतरी हात घातलाय. मग मी घोडा बघतो, म्हणजे चाप ओढल्यावर जो आपटतो तो. जुन्या काळी चकमकीच्या दगडाची पिस्तुलं होती. पुढे घोडा आपटला की पेटणारी दारूची छोटी टोपी आली, तेव्हा लोकांनी जुनी पिस्तुलं फेकून दिली नाहीत, त्यांचा घोडा बदलून घेतला. चकमकीचे भाग काढले की त्यांच्या स्क्रूंची भोकं उरतात. ती भोकं बुजवली तरी बुजवलेली जागा नीट पाहिली की कळते. मग नळीवरचा क्रमांक आणि आतल्या पत्र्यावरचा क्रमांक जुळतो का ते बघायचं. शेवटी लाकूड. जुनं लाकूड आकसतं, त्यामुळे लोखंड आणि लाकूड यांच्यात बारीक फट पडते. तेल झिरपून लाकूड लोखंडाच्या कडेला काळं पडतं. जिथे सगळं अगदी चपखल बसलेलं दिसतं तिथे मला संशय येतो.

आणि मग मला सांगावं लागतं. नळी एका पिस्तुलाची आहे, घोडा दुसऱ्याचा, मूठ परवाच्या दिवाळीत केलेली आहे. हे ऐकल्यावर लोकांची तोंडं कशी उतरतात हे मी इतक्या वेळा पाहिलंय की मला झोपेतही दिसतात. रोह्याचे एक गृहस्थ, नाव घेत नाही, सभागृहात असतील, त्यांनी माझ्यासमोर ठेवलेला चहा उचलून परत नेला होता. माझाच चहा, माझ्याच दुकानातला. दुसऱ्या एका घरी मला मुलाच्या लग्नाचं आमंत्रण होतं, पिस्तूल बघितल्यानंतर ते आमंत्रण विरून गेलं. मी खोटं बोललो नव्हतो. पण खरं बोलण्याचाही कंटाळा येतो हो, अध्यक्ष महोदया. इतकी वर्षं लोकांच्या अभिमानात पेचकस घालायचा, हा काय जन्माचा धंदा झाला? घरी आल्यावर बायको विचारायची, आज कुणाचं वाटोळं करून आलात. ती गमतीने विचारायची, पण मला त्या गमतीचा शीण यायचा.

असो. विषयांतर झालं. आता टेबलावरच्या वस्तूकडे येतो. न्यायाधीशसाहेब, काळजी नसावी, नळीत शिसं ओतून ती कायमची बंद केलेली आहे आणि पोलीस ठाण्याची परवानगी फायलीत आहे.

खलीलभाई मुकादम पेणचे. त्यांचे पूर्वज धरमतरच्या खाडीतून भात आणि मीठ भरून मचवे घेऊन मुंबईला जायचे. वाटेत चोरांची भीती, म्हणून एका पूर्वजाने हे पिस्तूल घेतलं. टोपीचं आहे, एक नळी, मुठीच्या बुडाला पितळी टोपण. खलीलभाईंचे वडील कुवेतला नोकरीला होते, सुट्टीवर आले की ते पेटीतून काढून तेल लावायचे आणि परत ठेवायचे. वडील गेले, आणि खलीलभाईंनी ठरवलं, घरात पडून राहण्यापेक्षा संग्रहालयात जावं, खाली घराण्याचं नाव लागावं. मंडळाला अर्थातच आनंद झाला. दिपिकाताईंनी निरोप धाडला, गावंड, हे तुमचं शेवटचं काम, निरोप समारंभ आणि अनावरण एकाच दिवशी करू. मंडळाचा हॉलचा खर्च वाचला हे त्यांनी सांगितलं नाही, मी सांगतो.

पिस्तूल हातात घेतलं आणि ते पुढे झुकलं. अशा पिस्तुलाचं वजन मुठीत असायला हवं, म्हणजे नळी तोलली जाते. हे नाकाकडून खाली जात होतं. स्क्रू बघितले, खाचा खरवडलेल्या. लोखंड पाहिलं, नळी, घोडा, चाप, सगळं मूळचं, क्रमांक जुळणारे. मी सुटकेचा श्वास सोडला. मग मूठ बघितली. शिसवी लाकूड, सुंदर रेषा. फट नाही, काळेपणा नाही. रेषा बघत बघत बुडापर्यंत गेलो. लाकूड कापलं की टोकाला रेषांची गोल वर्तुळं दिसायला हवीत. इथे त्या रेषा वळणावरून तशाच लांबच लांब खाली उतरत होत्या. असं लाकूड झाडाला येत नाही. ओला बोळा लावला तर बोळ्यावर तांबूस रंग आला. बंधुभगिनींनो, त्या लाकडाच्या रेषा ब्रशने काढलेल्या होत्या. केसाएवढ्या बारीक, एकही थरथरलेली नाही.

बुडाचं पितळी टोपण काढलं, बॅटरी मारली. मूठ आतून पोकळ. लाकूड नव्हतंच. कागदाचा लगदा, डिंक आणि खडूची भुकटी, साच्यात दाबून दोन भाग केलेले आणि मधे जोडलेले. आतल्या बाजूला, जिथे कुणी बघणार नाही तिथे, लगदा दाबताना उमटलेल्या अंगठ्याच्या खुणा होत्या. रांगेने.

आपल्या भागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. गणपती असाच होतो. साच्यात आतून अंगठ्याने दाबतात, वजन कमी राहावं म्हणून पोकळ ठेवतात. ज्याने ही मूठ केली तो मूर्तिकार होता. सवयीने त्याने पिस्तुलाची मूठही पोकळ केली. पिस्तूल तोलायचं असतं, त्याला काय माहीत. त्याला माहीत होतं ते इतकंच, की वस्तू लोकांना डोक्यावर घेऊन जायची असते आणि ती हलकी हवी.

मी माझ्या दोन ओळी लिहिल्या. धातूचे भाग मूळ, मूठ नंतरची, कागदाच्या लगद्याची. सही केली. मंडळाची बैठक झाली. पिस्तुलाशेजारी ठेवायच्या कार्डावर ‘मूळ स्वरूपातील पिस्तूल’ असं छापून झालं होतं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे त्याच काळातली लाकडी मूठ मिळत होती. ठरलं असं, की गावंडांनी लगद्याची मूठ काढून टाकावी, लाकडी बसवावी, म्हणजे कार्ड बदलायला नको. मी मान डोलावली. मी दमलो होतो. शेवटचं काम आहे, कशाला वाद घाला, असं मला वाटलं हे मी कबूल करतो. खलीलभाईंचं तोंड उतरलं होतं ते मी नेहमीप्रमाणे पाहिलं आणि नेहमीप्रमाणे दुसरीकडे बघितलं.

दोन दिवसांनी दुकानाच्या दारात या दोघी उभ्या. दुकानातलं सामान बांधून झालेलं, बसायला एक खोकं. एकीला खोक्यावर बसवलं, दुसरीला माझ्या स्टुलावर. आमनाबी म्हणजे खलीलभाईंच्या अम्मी, त्यांना मी ओळखत होतो. गोदूमावशी जोह्याच्या, पोह्याचे पापड घेऊन पेणमधल्या घराघरांत यायच्या, त्यांनाही ओळखत होतो. दोघी एकत्र का, ते कळेना.

आमनाबी म्हणाल्या, “सुशील, ती मूठ तू काढून टाकणार असं खलील बोलला. खरं हाय?”

मी म्हटलं, “व्हय. ती मूळची नाय ना, आमनाबी.”

“ते मला नको सांगू,” त्या म्हणाल्या. “मीच बदलून घेतली.”

मग त्यांनी सांगितलं. लग्न होऊन थोडीच वर्षं झाली होती. खलीलचे अब्बा कुवेतहून ईदला यायचे होते. पावसाळ्यानंतर आमनाबींनी पेटी उघडली तर वाळवी लागलेली. पिस्तुलाच्या मुठीला हात लावला आणि लाकूड भुगा होऊन मांडीत पडलं. पाच पिढ्यांची वस्तू सुनेच्या ताब्यात दिलेली, आणि सुनेच्या मांडीत तिचा भुगा. त्या रडत बसल्या होत्या, तेवढ्यात पापड घेऊन गोदूमावशी आल्या.

गोदूमावशी मधेच म्हणाल्या, “मी बोलली तिला, रडतेस कशाला गो आमना? माझा नवरा देवाचं डोलं आखतो. त्याला लाकडाच्या रेघा काय जड हायत?”

काळुराम त्यांचं नाव. जोह्याच्या एका गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायचे. ज्यांनी मूर्तीचं काम बघितलंय त्यांना ठाऊक आहे, बाकी रंग कुणीही देईल, डोळे मात्र एकालाच देतात. त्या माणसाने वाळवीतून उरलेले मुठीचे तुकडे जुळवून साचा घेतला, लगदा दाबला, वर लाकूड रंगवलं. गोदूमावशींनी ते पिस्तूल पापडाच्या टोपलीत घालून परत पोचवलं. न्यायाधीशसाहेब, तेव्हा त्यांच्याकडे परवाना नव्हता, पण बरीच वर्षं झाली, सोडून द्या.

ईदला अब्बा आले, पिस्तूल हातात घेतलं, उलटसुलट बघितलं, तेल लावून ठेवलं. काही बोलले नाहीत. लहानपणापासून जे हाताळलं त्याचं वजन बदललेलं त्यांना कळलं नसेल? मला नाही तसं वाटत. पण ते बोलले नाहीत, आणि या दोघी आजवर बोलल्या नाहीत.

मी गोदूमावशींना म्हटलं, “मावशी, काम सुंदर आहे. पण संग्रहालयात मूळचंच लागतं. मूठ काढून मी तुमच्याकडे देतो, घरी ठेवा.”

त्यावर त्या जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत सांगतो. म्हणाल्या, “घरी ठेवून कोन बघनार, सुशील? त्यानं जलमभर देव केलं. किती डोलं आखलं त्याची गनती नाय. लोकं रांगेनं बघाला यायची. पन दीड दिसानं नायतर दहा दिसानं सगलं पान्यान गेलं. दरसाल गेलं. जायालाच पायजे, देवाचंच काम ते. तो बी कधी बोलला नाय. पन तो गेला ना, मंग मी घरान बघाला गेली, त्याच्या हातचं काय हाय, तर काय नाय. ब्रश होतं, ते पोरांनी खेलून मोडलं. येवरी एक मूठच पान्याबाहेर रायली. मी बोलली, जाऊ दे, आमनाच्या पेटीन हाय, हाय तरी. तीबी तू काढनार?”

पिस्तूल टेबलावरच होतं. टोपण काढून बॅटरी लावली आणि म्हटलं, मावशी, आत बघा, त्यांच्या अंगठ्याच्या खुणा आहेत. बोट घाला, लागतील.

त्यांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हणाल्या, “आता नको. आता लावला तर माझा हात मागं येनार नाय. तुमचं आदी ठरू दे, ठेवताव का टाकताव. ठेवलीत तर मंग लावीन.”

आमनाबींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना दुपारच्या गाडीत बसवायला घेऊन गेल्या.

व्यापाऱ्याची लाकडी मूठ टेबलावर होती, कागदात गुंडाळलेली. मूळ, खरी, त्या काळातली. कुठल्या पिस्तुलाची, कुणाच्या हातातली, कोण जाणे. ती बसवली असती तर जुनेपणात काही कमी नव्हतं. फक्त ती या पिस्तुलाची नव्हती. इतकी वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो होतो, की दुसऱ्या पिस्तुलाचा भाग आणून बसवला तर ते मूळ होत नाही. आणि निघताना तेच स्वतःच्या हाताने करायला बसलो होतो. मला माझा रागच आला. थकलेल्या माणसाला राग आला तर तो फार वेळ टिकत नाही, पण कामापुरता पुरला.

आमनाबींनी त्याच संध्याकाळी खलीलभाईंना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खलीलभाई माझ्याकडे. चेहरा घुश्शातला. म्हणाले, “गावंडकाका, पिस्तूल माझ्या घरचं, अम्मी माझी, आणि जोह्यापर्यंत सगळ्यांना खबर. फक्त मलाच नाय.” मग हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. म्हणाले, “अब्बांना माहीत होतं काका. अब्बा सुट्टीवर आले की मला पिस्तूल हातात द्यायचे आणि दर वेळी एकच बोलायचे, मूठ सांभाळून धर. नळी सांभाळ असं कधी नाय बोलले. मला वाटायचं, सगळेच बाप असं काहीतरी बोलतात.”

आम्ही दोघे दिपिकाताईंकडे गेलो. ताई रागावल्या, आणि त्यांचं रागावणं रास्त होतं. कार्ड छापलेलं, व्यापाऱ्याला शब्द दिलेला, पाहुणे ठरलेले. त्या म्हणाल्या, बदललेल्या मुठीचं पिस्तूल आपण लोकांना काय म्हणून दाखवायचं? मी म्हटलं, ताई, बदललेल्या मुठीचं पिस्तूल म्हणूनच दाखवू. आपण लपवणार असतो तर प्रश्न होता. माझी ती ओळ, मूठ नंतरची, ती तशीच ठेवा. फक्त इतकी वर्षं मी तिथे थांबायचो, या वेळी पुढे कुणी केली तेही लिहू. खलीलभाई म्हणाले, तसं नसेल तर पिस्तूल मी घरी नेतो. ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मंडळाच्या कामात हे होकाराचं लक्षण आहे, जुन्या सभासदांना माहीत आहे. व्यापाऱ्याची मूठ त्याच दिवशी परत गेली.

इतकी वर्षं मी माणसांना ‘हे बदललेलं आहे’ असं सांगितलं आणि त्यांची तोंडं उतरलेली पाहिली. या एका वेळी तेच वाक्य मी जोह्याला फोन करून सांगितलं, मावशी, मूठ बदललेली आहे असं कार्डावर लिहिणार आहेत, खाली काळुरामांचं नाव आहे. त्या म्हणाल्या, “बरं. पापड हायत ताजं, आनते.” आणले आहेत. कार्यक्रमानंतर चहाबरोबर मिळतील.

आता आटोपतं घेतो. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे पडदा प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते दूर व्हायचा आहे. न्यायाधीशसाहेबांशी मी आधी बोललो आहे, त्यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली आहे, त्यांचे मी विशेष आभार मानतो. गोदूमावशींना पायऱ्या चढवत नाहीत. तेव्हा खलीलभाई, कपडा काढा, आणि पिस्तूल तुम्हीच खाली घेऊन जा. कार्डही न्या, ते आमनाबी वाचून दाखवतील. बुडाचं टोपण मी मुद्दाम बसवलेलं नाही. ते नंतर बसवीन, नाशिकची गाडी उद्याची आहे.

मंडळाचे, अध्यक्षांचे, माझ्या दुकानात चहा पिऊन रागावून गेलेल्या सर्वांचे, आणि ज्यांनी परत येऊन पुन्हा चहा घेतला त्यांचेही मनापासून आभार. तुम्ही दिलेली शाल उबदार आहे, नाशिकला उपयोगी पडेल. मी आयुष्यभर तुमच्या वस्तूंमधल्या उणिवा दाखवत आलो. आज माझ्या बोलण्यात कुठे जोड दिसला असेल, काही जास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर तेवढं मोठेपणाने पोटात घाला.

मावशी, ठरलंय. ठेवली आहे. आता लावा हात.